जीपच्या चाकाले ओंगण

आमच्या याईनं, म्हणजे नवऱ्यानं, ब्रेक दाबला अन् गाडी उजवीकडं पळाली. थांबाची ते पळाली, तेही आडवी, अन् समोरून संत्र्याचा ट्रक येऊन राहिला होता. मी लेकराले पोटाशी आवळलं, माझं डोकं वरच्या पाइपावर आपटलं, माझ्या सासूनं, आत्याबाईनं, मागून माझी वेणी धरली, धराले दुसरं काही सापडलं नसंल, अन् ट्रकवाल्यानं असा हॉर्न दिला का मले वाटलं झालं आपलं, लेकराचं तर अजून जावळही नाही काढलं. मंग ट्रक आमच्या मागून निघून गेला. म्हणजे आम्ही त्याच्या समोरून रोड पार करून पलीकडच्या पराटीत शिरलो होतो. कापसाची झाडं दोन्हीकडून सपसप आपटून राहिली होती, बोंडं माझ्या मांडीवर येऊन पडून राहिली होती, अन् एका धुऱ्याच्या बांधाले अडून गाडी थांबली.

मी लेकराचे हात पाह्यले, पाय पाह्यले, डोकं चाचपून पाह्यलं. ती नुकतीच बसाले लागली होती. तिच्या मुठीत बोंड होतं अन् ती हसून राहिली होती. गाडीतल्या लोकाईत मजा कोणाले आली असंल तर तिलेच.

पहिले बोलले ते माझे सासरे, मामाजी. मागच्या सीटवरून म्हणाले, "आवाज मात्र नाही आला."

हा आवाज आदल्या दिवसाचा. आमचे हे एका संत्र्याच्या ठेकेदाराची जीप चालवतात. माझ्या दिराचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, लोधीखेड्याले होतं, म्हणून मालकानं एक दिवस गाडी वापराले दिली. दीर अन् बाकीचे पाव्हणे सकाळच्या बसनं पुढं जाणार, अन् मामाजी, आत्याबाई, आम्ही दोघं अन् लेकरू जीपनं. पोराकडचे जीपनं आले हे लोधीखेड्यात दिसाले पाहिजे, असं मामाजीचं होतं. पण गाडी द्याच्या आधी मालकानं याईले तिगावच्या पलीकडच्या एका बगीच्यात पाठवलं. बगीच्यात पाणी सोडलेलं, काळी माती, चाकं अर्धी बुडाली. जीपले गिअरच्या बाजूले एक छोटा दांडा असते, तो ओढला का पुढच्या चाकाईलेही जोर लागते. तो ओढून याईनं गाडी काढली, नाल्यातल्या गोट्याईवरून आणली, पांदणीच्या कच्च्या रस्त्यानं घरी आले, अन् दारापुढं येता येता समोरचं डावं चाक कुई कुई करून राहिलं होतं.

याईनं पहिले तो दांडाच पाह्यला, तसाच ओढलेला राह्यला का म्हणून. नव्हता. मंग गाडी न्यूट्रल करून उतारावर सोडली, इंजिन बंद करून. तरी कुई. म्हणजे इंजिनाचा आवाज नाही, म्हणाले. उजवीकडं वळवली तर जास्त, डावीकडं वळवली तर कमी. मंग जॅक लावला, चाक वर उचललं, वरून-खालून धरून हलवलं. चाक हाललं नाही, म्हणजे बेरिंग चांगलं. हातानं गोल फिरवलं तर आवाज नाही. खाली ठेवलं, ढकललं, तर कुई. हे मले इतकं पाठ हाय कारण मी कंदील धरून उभी होती अन् सारखी विचारून राहिली होती, उद्या चाक निघून तर नाही जाणार ना, अन् हे म्हणत होते, कंदील सरळ धर.

"चाक कोकलून राहिलं म्हणजे आसाले ओंगण नाही," मामाजी म्हणाले. "यात पाहाचं काय?"

ओंगण म्हणजे बैलबंडीच्या आसाले लावतात ते. एरंडीच्या तेलात जळलेल्या चिंध्याईची राख कालवतात, बांबूच्या नळ्यात भरतात, अन् नळा बंडीच्या खाली टांगतात. आमच्या गावात ज्याच्या बंडीचं चाक कोकलते त्याले लोक वेशीतच विचारतात, घरचं तेल सरलं का पाटील. मामाजीले जन्मात कोणी असं विचारलं नाही. अन् आता त्याईच्याच दारात चाक कोकलून राहिलं होतं.

"बाबा, हे बंडी नोहे," हे म्हणाले.

"चाक हाय का नाही? गोल हाय का नाही? फिरते का नाही?"

"फिरते."

"मंग."

आत्याबाईचं तिसरंच होतं. त्याईनं मीठ-मिरच्या आणल्या, चाकावरून ओवाळल्या अन् चुलीत टाकल्या. मिरच्याईचा ठसका आला नाही, म्हणजे नजर होती, म्हणाल्या. आमच्या घरी ठसका कधीच येत नाही, त्या मिरच्या जुन्या आहेत.

सकाळी मी पाणी तापवाले उठली तर मामाजी त्या चाकापाशी उकिडवे बसलेले. मले वाटलं साक्षगंधाचा दिवस, पूजा करून राहिले असतील. जवळ गेली तर हातात ओंगणाचा नळा. चाकाच्या लोखंडाले एक बारकं भोक होतं, त्यात काडीनं ओंगण ढकलून राहिले होते. मंग गाडीखाली हात घालून मागच्या बाजूनं जिथं भेग लागली तिथं भरलं. अर्धा नळा त्या एका चाकानं खाल्ला.

"सूनबाई, त्याले सांगू नको," म्हणाले. "आवाज गेला का मंग मीच सांगतो. त्याचं तोंड पाहाचं हाय मले."

मी मान हलवली. सासरा चाकाले तेल लावून राहिला तर सुनेनं काय म्हणाचं. मी पाण्यापाशी गेली.

अन् आवाज गेला. खरंच गेला. गाडी निघाली, पांदण सरली, पांढुर्ण्याच्या रोडले लागलो, कुई नाही का काही नाही. आत्याबाईनं माझ्याकडं पाह्यलं, मिरच्या. हे म्हणाले, चिखल वाळून पडला असंल. मामाजीनं नुसती मिशी पुसली. फक्त मलेच बरं वाटून राहिलं नव्हतं. लेकरू रडता रडता एकदम चूप झालं का माय जशी दचकते, तसं झालं होतं. मी याईले म्हणलं, हळू चालवा. हे म्हणाले, आवाज होता तेव्हाही तुले भेव, आवाज नाही तेव्हाही भेव, मंग गाडीनं कराचं तरी काय.

सौंसरच्या अलीकडं उतारावर बैलं आडवे आले, याईनं ब्रेक दाबला, अन् आम्ही पराटीत.

शेतवाला धावत आला. झाडं पाह्यली, गाडी पाह्यली, याईले म्हणाला, "काहून बाप्पा, रोड कमी पडला का?" हे त्याच्या हातापाया पडले. मामाजीनं त्याले बिडी दिली अन् तुमची जमीन चांगली हाय म्हणाले. मंग तोच दांडा ओढून गाडी मागं काढली अन् बैलबंडीच्या चालीनं सौंसरले आलो. मी लेकरू घेऊन पायी चालते म्हणलं, तर आत्याबाई म्हणाल्या, बसलेल्या गाडीतून उतरणं अपशकून असते.

सौंसरले मिस्त्रीच्या दुकानापुढं गाडी लावली. मामाजी अन् आत्याबाई नारळ अन् पेढे घ्याले गेले. मी दुकानाच्या सावलीत लेकराले घेऊन बसली. मिस्त्रीनं चाक काढलं, आतला डबा असते तो काढला, ड्रम म्हणतात त्याले, अन् आत पाहून हसला. सगळं काळं, चिकट. ब्रेकचे पट्टे त्यात लोळलेले.

"सील गेलं," म्हणाला. "आतलं तेल बाहेर येऊन राहिलं. उजवं चाक धरते, डावं सटकते, मंग गाडी उजवीकडंच जाणार ना भाऊ."

पण मले वास आला. एरंडीचा. जळलेल्या चिंध्याईचा. तो वास मले झोपेतही समजंल.

"अवो," मी म्हणलं, "हे तर ओंगण…"

"तू लेकराले पाह्य," हे म्हणाले.

मिस्त्री म्हणाला, "वहिनीले बी समजते वाटते गाडीतलं." अन् दोघंही हसले. मी लेकराकडं वळली. मामाजीनं सांगू नको म्हणलं तेव्हा मान हलवली होती, अन् सांगाले गेली तर कोणी ऐकून राहिलं नव्हतं. बरंच झालं, वचन आपोआप पाळल्या गेलं.

मिस्त्रीनं पट्टे पेट्रोलनं धुतले, घासले, ड्रम जमिनीवर उलटा आपटला. त्यातून एक खडा पडला, चिंचोक्याएवढा. मिस्त्री बिडी पेटवून राहिला होता, हे मालकाले काय सांगाचं या विचारात. खडा मीच पाह्यला. अन् ड्रमच्या काठानं आतमधी एक गोल रेघ, नवी, चमकणारी, घासून घासून पडलेली. म्हणजे नाल्यातला तो खडा आत अडकून, चाकावर वजन पडलं का कोकलत होता, अन् ओंगणात बसल्यावर त्याचा आवाज दबला. एवढंच होतं ते सगळं. पण एकदा तू लेकराले पाह्य म्हणल्यावर मी दुसऱ्यांदा कशाले बोलते.

मिस्त्रीनं चाक बसवलं, सील नागपूरवरून आणा म्हणाला, तोवर हळू जा. गाडी चालू केली तर आवाजही नाही अन् ब्रेकही सरळ. मिस्त्री म्हणाला माझा हात. आत्याबाई पेढे घेऊन आल्या, म्हणाल्या मिरच्या. हे म्हणाले, पराटीत घातली म्हणून वाचलो, दुसरा ड्रायव्हर असता तर ट्रकखाली गेला असता. मामाजी म्हणाले, "वेळ आल्यावर सांगीन."

ती वेळ लोधीखेड्याले आली. साक्षगंध चांगलं झालं, पोरगी चांगली, जेवण चांगलं. जेवण झाल्यावर हे अन् दीर पान खाले चौकात गेले. मी बायाईत बसली होती, लेकराले पाजून राहिली होती, तर दारातून अंगणातलं दिसलं. आमची जीप उभी, भवताल पोरीचा बाप, तिचे काका, गावचे चार माणसं, अन् मधात मामाजी. त्याईच्या हातात व्याह्याच्या बंडीचा नळा.

"डावं समोरचं म्या सकाळीच केलं," सांगून राहिले होते. "कोकलत होतं, ते चूप झालं. आता तीन राहिले. गाडी जीप असो का बंडी, माणसानं दारातून निघताना चाक पाहावं." अन् मागच्या चाकापाशी उकिडवे बसले. व्याही म्हणाले, "वा, एवढं कोण पाह्यते आजकाल."

एका चाकानं पराटीत गेलो, ट्रकच्या समोरून. आता अंधार पडून राहिला होता, सौंसरचा उतार आता चढ होता पण त्याच्या आधी-मागं उतार होतेच, अन् माझ्या मांडीवर ही. याईले बोलवावं तर चौक लांब. कोणाले सांगावं तर सगळे नवे पाव्हणे. मी उठली, पदर पुढं ओढला, लेकरू कडेवर घेतलं अन् माणसाईच्या मधात गेली. मांडवात सून माणसाईच्या मधात फक्त पाया पडाले जाते. व्याह्यानं आशीर्वादाले हातही उचलला.

"मामाजी, नका लावू," मी म्हणलं. आवाज इतका बारीक निघाला का मलेच ऐकू आला नाही. मंग मोठ्यानं म्हणलं, "याच ओंगणानं सकाळी गाडी पराटीत गेली. ब्रेकच्या पट्ट्याईले लागलं ते. मिस्त्रीनं पेट्रोलनं धुतलं. चाकात खडा होता, ओंगणानं त्याचा आवाज नुसता दबला, खडा पडला तो मिस्त्रीच्या दुकानात."

लेकरानं मामाजीचा फेटा ओढला. व्याही खाकरले, म्हणाले, "पाटील, सूनबाई ड्रायव्हर हाय का तुमची?" त्याईचा भाऊ म्हणाला, "आपल्या पोरीले जाऊ चांगली तिखट भेटली." चार माणसं हसले. वाईट हसले असं नाही, पण हसले.

तेवढ्यात हे आले, पान खात; माझं बोलणं त्याईनं मागून ऐकलं होतं. "बाबा, सकाळी तुम्ही टाकलं?"

मामाजी उठले. धोतराले हात पुसले, नवं धोतर होतं, साक्षगंधाचं. नळा व्याह्याच्या हातात दिला. "मी बसनं येतो," म्हणाले. "ड्रायव्हरीन हाय ना घरात, तिले न्या."

अन् खरंच बसनं गेले. आत्याबाईलेही जा लागलं, जाता जाता म्हणाल्या, बसलेल्या गाडीतून उतरवलं तू आम्हाले. ज्या जीपनं लोधीखेड्यात यावं म्हणून सगळा खटाटोप होता, त्या जीपमधून आम्ही तिघंच परत आलो, अन् पोराचा बाप सौंसरपर्यंत बसच्या दांड्याले लटकून. जीपले काही झालं नाही. ब्रेक सरळ, आवाज नाही, लेकरू रोडभर झोपलेलं. काही झालं नाही, म्हणून मीच खोटी ठरली. मामाजी म्हणतात, सकाळचं ओंगण अजून आत टिकून हाय. नागपूरचं सील आलं, लावलं, मिस्त्री म्हणाला जुनं चांगलं दिसते पण आता आणलंच आहे तर.

तेव्हापासून मामाजी माझ्याशी बोलत नाहीत. लेकराशी बोलतात. तुझ्या मायले सांग पाणी दे. तुझ्या मायले सांग भाजीत मीठ जास्त हाय. लेकरू आता बोलाले लागलं, ते सांगतेही. आत्याबाई अजूनही म्हणतात, रात्री घरी येऊन नवऱ्याच्या कानात सांगतलं असतं तर काय बिघडलं असतं. घरी येऊन सांगाले आधी घरी या लागते ना.

मी चुकली असं मले वाटत नाही अन् बरोबर केलं असंही धडपणे म्हणता येत नाही. म्हणून तुम्हालेच विचारते. डोक्यावर पदर, कडेवर लेकरू, भवताल नवे सोयरे, अन् सासरा नळा घेऊन दुसऱ्या चाकापाशी बसलेला. तुम्ही काय केलं असतं, बोलले असते, का चूपचाप जाऊन गाडीत बसले असते?