पोह्यातला कांदा कुठला?

मी भयकथा लिहितो आणि त्या वाचून आजवर कोणीही घाबरलेलं नाही. (बायको दचकते, पण ते मी मोठ्यानं वाचायला बसलो की!)

गेल्या दिवाळी अंकात मात्र मी कमाल केली. माझ्या कथेतली सून छळवादी सासूला कांद्याच्या चाळीत कोंडून मारते, वर कांदे रचते आणि नणंदेला बघायला आलेल्या पाहुण्यांना त्याच कांद्यांचे पोहे करून वाढते! लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला होता.

त्याच सुमारास बेलापूरच्या माझ्या मेहुणीची, सुनीताची, सोयरीक खर्डा गावात जुळत आली. मुलगा आणि ती फोनवर बोलून एकमेकांवर पुरते लुब्ध झाले होते. होकार फक्त मुलाच्या आईचा बाकी होता. मुलीचा बायोडाटा पाठवायचं काम थोरला जावई म्हणून माझ्याकडे आलं. घराण्याची नीट ओळख व्हावी म्हणून मी सोबत तो दिवाळी अंक जोडला!

सासऱ्यांना हे कळलं ते पाहुण्यांची गाडी दारात उभी राहिल्यावर.

“जावईबापू, सासूला मारल्याली गोष्ट तुमी पोरीच्या होनाऱ्या सासूलाच धाडली?”

“मामा, साहित्य आहे ते.”

“सोयरीक मोडली तर ते साहित्य चुलीत घालीन!”

सुनीता रडायच्याच बेतात होती. “दाजी, जन्मात बोलणार नाही मी तुमच्याशी!”

पाहुणे बसले. पोहे आले. मुलाच्या आईनं बशी घेतली, चमच्यानं कांदा बाजूला सारला आणि विचारलं, “कांदा घरचाच व्हय?”

“आपल्याच चाळीतला!” सासरे सवयीच्या अभिमानानं बोलून गेले. मग त्यांनी कपाळाला हात लावला.

मुलाची आई माझ्याकडे वळली. “पाव्हणं, तुमची गोष्ट वाचली. न्हाई आवडली.”

सुनीतानं डोळे मिटून घेतले.

“लई लवकर मारली तुमी सासूला!”

“अं?”

“पानंच्या पानं सुनेचा छळ, अन् दोन ओळीत म्हातारी खलास? जरा तडफडाया पायजे हुती! माझ्या सासूनं मला बाळंतपनात बी सायीचं दूध दावलं न्हाई. वाचताना तीच हुबी ऱ्हायली डोळ्यापुढं.” त्यांनी पदरानं डोळे पुसले.

मुंग्यांनासुद्धा साखर घालणाऱ्या माझ्या सासूबाई स्वयंपाकघरातून लगबगीनं बाहेर आल्या. “मला बी त्येच वाटलं! आदी उपाशी ठेवायची. अन् आपन दाराभायेर बसून ठेचा-भाकर खायाची.”

“व्हय, वास आत जाया पायजे!”

“मंग दार उघडायचं...”

“...अन् परत लावायचं!”

दोघींनी टाळी दिली. पुरुष मंडळी मान खाली घालून अगदी हळूहळू पोहे चावत होती. माणसाच्या मनातला काळोख शोधायला मी इतकी वर्षं स्मशानं आणि पडक्या विहिरी पालथ्या घालत होतो. तो इथे दिवसाढवळ्या सतरंजीवर बसून हसत होता!

मग मुलाच्या आईनं सुनीताला जवळ बसवलं. “पोरी, सायीसकट दूध देत जाईन तुला. चाळीत तेवढी कोंडू नको!”

“नाही हो, आई,” सुनीता लाजून म्हणाली. सोयरीक पक्की झाली.

सासूबाईंनी प्रेमानं माझी बशी पुन्हा भरली. “खावा, जावईबापू!”

त्या दिवसापासून सासुरवाडीला बायकोनं पहिला घास घेतल्याशिवाय मी ताटाला हात लावत नाही. सासूबाई कौतुकानं सगळ्या गावाला सांगतात, “आमच्या जावयाचा लेकीवर लई जीव हाय!”