मुठीतला सेन्सर

दूधपेढीतल्या फ्रीजरकाकूंचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. बाळंतिणींनी दिलेलं जास्तीचं दूध अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी जिथं गोठवून ठेवतात, दवाखान्यातल्या त्या खोलीत काकूंची बावीस वर्षं गेली होती. चार फ्रीजर, एक टेबल, एक वही. सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी सात वाजता चौघांचं तापमान वहीत उतरवायचं. एवढ्या वर्षांत सलग रजा घेतली ती एकदाच, नवरा गेला तेव्हा.

आता दूरच्या गावी लेकीचे दिवस भरत आले होते.

"आई, तू येणार आहेस ना? की तुझे फ्रीजरच बाळंत होणारेत?"

"येते गं. इकडची सोय लावते आणि निघते."

"सोय लावते हे तू मागच्या महिन्यातही म्हणालीस," म्हणून लेकीनं फोन ठेवला.

सोय म्हणजे नवं यंत्र. प्रत्येक फ्रीजरमध्ये एक सेन्सर बसला होता आणि पाचवा खोलीच्या भिंतीवर लोंबत होता. पाचही आकडे काकूंच्या आणि त्यांच्या हाताखालच्या धाकट्या सिस्टरच्या फोनवर दिसणार होते, आणि फ्रीजर तापू लागला की घंटा वाजणार होती. याची खात्री पटली तरच काकू शुक्रवारच्या गाडीत बसणार होत्या.

गुरुवारी सकाळी नेटवर्कवाले दादा लॅपटॉप घेऊन आले.

"कोडबिड काही लिहायचं नाही, काकू. सगळे सेन्सर आपापले निरोप एका ठिकाणी आणून टाकतात. त्याला ब्रोकर म्हणतात. तिथला कुठला निरोप पडद्यावरच्या कुठल्या चौकटीत जायचा, एवढंच आपण सांगायचं. डावीकडून उचला, उजवीकडे सोडा."

"म्हणजे टपाल वाटायचं."

"अगदी तसंच."

काकूंनी चष्मा पुसला आणि स्वतःच्या हातानं पाचही निरोप जागच्या जागी सोडले. चौकटी हिरव्या झाल्या. उणे वीस, उणे एकवीस, उणे वीस, उणे वीस.

"झालं की! भरा बॅग," दादा म्हणाले.

काकू मात्र पडद्याकडे बघतच राहिल्या. "चौघं भावंडं सारखीच थंड. यातलं कोण कुठलं, हे कशावरून?"

"अहो, नावं आहेत ना निरोपांवर."

"नावं तुम्हीच ठेवलीत ना?"

त्यांनी तीन नंबरचं दार किलकिलं केलं, आतला सेन्सर बाहेर ओढला आणि मुठीत घट्ट धरला. सगळ्यात इवल्या बाळांचं दूध याच फ्रीजरमध्ये होतं. बोटं बधिर झाली, पण मूठ सोडली नाही.

पडद्यावर तीन नंबर ढिम्म. चार नंबर मात्र चढू लागला. उणे दहा, शून्य, बारा.

दादांचा चेहरा उतरला. "मी नावं खोलीच्या जुन्या नकाशावरून दिली होती."

काकूंनी कपाटातून जुनी वही काढली. सहा वर्षांपूर्वीचं पान, त्यांचंच अक्षर: 'भिंतींना रंग दिला. तीन आणि चार यांच्या जागा बदलल्या.'

"बघा, मीच लिहिलं आणि मीच विसरले," त्या म्हणाल्या. तीन तापला असता तर धाकटी सिस्टर चारकडे धावली असती, आणि चार तर ठणठणीत थंड. काकूंनी वही मिटली. "नाहीच जात मी."

दाराशी उभी असलेली धाकटी सिस्टर पुढे आली. तिनं काकूंचा गारठलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"काकू, आत्ता दोन निरोप बदलू आणि चारही सेन्सर एकेक करून मुठीत धरून बघू. आणि रोज सकाळी सातला चारही फ्रीजर मी स्वतः तपासीन. मग भिंतीवरचा सेन्सर मुठीत धरीन. खोलीचा आकडा चढला की समजायचं, मी आलेय आणि सगळं ठीक आहे. नाही चढला तर खुशाल शिव्या घाला."

"आणि विसरलीस तर?"

"तुमच्या हाताखाली शिकलेय मी. विसरायची काय टाप आहे?"

शुक्रवारच्या गाडीत काकू बसल्या.

लेकीकडे आल्याच्या बाराव्या दिवशी सकाळी तीन दिवसांची नात त्यांच्या मांडीवर झोपली होती. उशीशी ठेवलेल्या फोनकडे बघून लेक दचकली. "आई, काहीतरी तापतंय बघ!"

चार चौकटी उणे वीसच्या आसपास होत्या. पाचवी चोवीसवरून सत्तावीस, तीस. तिथं जरा थांबली आणि हळूहळू उतरायला लागली.

काकूंनी घड्याळ पाहिलं. सात वाजून दोन मिनिटं.

"काही नाही गं. धाकटी आलीय कामावर," त्या म्हणाल्या आणि फोन पालथा घातला. "तू झोप आता. मी आहे."