सुखराम सरांचं इंजिन

सुखराम सरांनी आयटीआयत एकतीस वर्षं टू-स्ट्रोक इंजिन शिकवलं, पण सगळं फळ्यावर. हाताला काळं लागलं तर ते खडूनं पुसत, असं त्यांचे विद्यार्थी सांगत. निवृत्तीनंतर सर स्वतःच हा विनोद सांगू लागले.

नदीकाठचा एक बोट क्लब बंद पडला, तेव्हा तिथली भंगारात निघालेली वॉटर स्कूटर सरांनी मोहाडीला घरी आणली. हे कायले, असं बायकोनं, कुंताबाईंनी विचारलं. सर म्हणाले, इंजिन बांधून पाहतो. कुंताबाईंनी धान वाळवायची ताडपत्री तेवढी अंगणातून उचलून नेली.

दोन महिने सर अंगणात बसले. सिलिंडर भंडाऱ्याहून आतून घासून, बोअर करून आणले, नवे पिस्टन, नव्या रिंगा घातल्या. प्रत्येक नट आवळताना मोठ्यानं शिकवत होते, समोर वर्ग बसल्यासारखे.

चालू करायच्या दिवशी इंजिन दोनदा धडधडलं, तिसऱ्यांदा आत काहीतरी कडकन तुटलं. सरांनी आधी पेट्रोलला दोष दिला, मग सुटे भाग विकणाऱ्याला. चौथ्या दिवशी मुकाट्यानं रक्षाला बोलावलं. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी. बाजारात फवारणी पंप दुरुस्त करते.

तिनं सिलिंडर उचलला, तुटलेली रिंग काढली आणि पिस्टनचा माथा फडक्यानं पुसला.

"सर, बाण कुठं पाहून राहिला?"

पिस्टनवरचा बाण धूर बाहेर जातो त्या बाजूला हवा. सरांचा बाण सरळ कार्बोरेटरकडे बघत होता, म्हणूनच रिंग अडकून तुटली. याच चुकीसाठी त्यांनी प्रॅक्टिकलला रक्षाचे पाच मार्क कापले होते. दोघांनाही आठवलं.

"माये मार्क किती कापशील?" त्यांनी विचारलं.

"तुमी तं शिकवणारे. तुमाले दहा."

नशिबानं सिलिंडरला ओरखडा नव्हता. या खेपेला रक्षानं इंजिन बांधलं आणि सर पाने देत बसले. तेही दोनदा चुकीचे दिले.

स्कूटर चालवून पाहायला गावच्या तलावावर गेल्यावर सरांनी जाहीर केलं की आपल्याला पोहता येत नाही. मग रक्षाच निघाली. एक फेरी मारून आली, तेव्हा तिथं मासे धरणाऱ्या ढीवरांनी सरांना विचारलं, इंजिन तुम्ही बांधलं का?

"तिनं बांधलं," सर म्हणाले. "मी मोडलं होतं."

दुसऱ्या फेरीला कुंताबाई लाइफ जॅकेट घालून रक्षाच्या मागं बसल्या. सर दोघींच्या चपला हातात घेऊन तलावाच्या पाळीवर उभे राहिले.