न चाखलेल्या फळाचा नेम

माणसांपेक्षा रोपांच्या प्रकृतीची अधिक चौकशी करणारा एकच गृहस्थ मी ठाण्यात पाहिला, आणि ते माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे होते. सोयरीक घेऊन आमचे वडील कल्याणहून गेले, तेव्हा पत्रिका बाजूला ठेवून या सासऱ्यांनी पहिला प्रश्न केला तो आमच्या विहिरीचे पाणी गोडे की मचूळ, हा. गोडे असल्याचे कळताच लग्न ठरले. रुखवतात त्यांनी नदीकाठचा पोयटा मागून घेतला.

पेन्शन झाल्यापासून ते बियांच्या मागे होते. घरी कोणी फळ खायला बसले की समोर वाटी धरून उभे राहत. उष्ट्यावरून कोणी नाक मुरडले, तर 'बीला उष्टं लागत नाही' एवढेच म्हणत. शेजारच्या ख्रिस्ती वाडीतला पास्कू आगबोटीवर खलाशी होता. तो मलाक्का-सिंगापूरकडची फळे त्यांच्यासाठी आणी. पण ती ते चाखत नसत. लोक काशीला जाऊन आवडते फळ सोडतात. यांनी कधी न खाल्लेली फळे सोडली होती. परमुलखातले फळ आपल्या परसात पिकेपर्यंत तोंडाला लावायचे नाही, असा नेम. गर पास्कूने खायचा आणि यांनी त्याचा चेहरा निरखायचा.

एका खेपेला पास्कूने मंगुस्तान आणले. जांभळी साल, आत लसणीसारख्या पांढऱ्या पाकळ्या. त्याची बी सुकली की मेली, म्हणून आणखी थोड्या बिया त्याने ओल्या काथ्यात गुंडाळून आणल्या होत्या. नेमके त्या दिवशी घरी श्राद्ध होते. हे पाटावर अडकलेले, म्हणून पुडके त्यांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी घेतले. दोडक्या-काकडीच्या बिया ठेवतात तशा त्यांनी या सगळ्या बिया मोरीवर धुतल्या, राखेत घोळल्या आणि सुपात घालून कडक उन्हात ठेवल्या. ते उठून आले तेव्हा बिया सुपात खडखडत होत्या. त्यांनी एक बी उचलून उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, "राख मात्र अगदी सारखी लागली आहे."

तरीही त्यांनी सगळ्या पेरल्या. एकही उगवली नाही. पण धुताना एक बी निसटून मोरीच्या ओल्या फटीत पडली होती. तिला कोंब आला. या रोपाच्या मुळाला धक्का सोसत नाही, म्हणून रोप तिथेच राहिले आणि मोरी हलवली. नवी मोरी होईपर्यंत माझ्या बहिणीसह सारे घर विहिरीवर गार पाण्याने आंघोळ करी. रोप वर्षाला जेमतेम वीतभर वाढे. कोणी चिडवले तर ते म्हणत, "घाई त्याला नाही, मलाच आहे."

रोप कमरेएवढे झाले, तेव्हा त्यांनी अंथरूण धरले. आपण या झाडाचे फळ खाणार नाही, हे त्यांना कळून चुकले होते. मी भेटीला गेलो त्या दिवशी पास्कू एक मंगुस्तान सोलून घेऊन आला. "काका, आता तरी खा. मी कोनाला सांगनार नाय."

त्यांनी मान हलवली आणि काकूंकडे पाहिले. "तू खाऊन सांग."

दुसऱ्याच्या हातचे पाणीही न घेणाऱ्या काकूंनी पास्कूच्या हातून पाकळी घेतली, सावकाश खाल्ली. "आंबूस आहे हो," त्या म्हणाल्या. "आपलं गोड निघेल." काकांनी समाधानाने डोळे मिटले.

पुढे तेरावा झाल्यावर मी काकूंना विचारले, फळ खरेच आंबूस होते का.

"साखर होती," त्या म्हणाल्या, आणि झाडाला पाणी घालायला उठल्या.