अण्णांची बेलवही

आमच्या ह्यांना अख्खी सोसायटी अण्णा म्हणते, म्हणून मीही अण्णाच म्हणते. समोर अर्थात ‘अहो’. चौतीस वर्षं टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात काढली त्यांनी. लोकांचे फोन बंद पडायचे, लोक ह्यांच्यावर खेकसायचे, आणि हे शांतपणे रजिस्टरात नोंद करायचे : तक्रार आली किती वाजता, लाइन सुरू झाली किती वाजता. दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकून ऐकून आत एवढा साठा झाला असणार की रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या सुरू केल्या. सोसायटीत पाणी सात मिनिटं उशिरा सोडतात. बस थांब्यावर थांबत नाही, थांब्याच्या पुढे जाऊन थांबते. प्रत्येक अर्जाला तारीख, वेळ, आणि खाली मराठीत झोकदार सही.

कोपऱ्यावरच्या गटाराच्या झाकणासाठी तर वॉर्ड ऑफिसच्या बाकावर दोन दिवस बसून होते. डबा मी पोचवत होते. तिसऱ्या दिवशी झाकण आलं, ते बघायला मलाही घेऊन गेले. गटाराचं झाकण ते, त्यात बघायचं काय मेलं? पण छान आहे म्हटलं.

तर गेल्या वर्षी अण्णांनी गुडघा बदलून घेतला. हॉस्पिटल इथलंच, मुलुंडमधलं. नाव सांगत नाही, नाहीतर त्यांना वाटायचं अण्णांचा नवा अर्ज आला. पाच दिवसांचा मुक्काम. बॅगेत मी पंचे, फाइल आणि चार लेंगे भरले. अण्णांनी शंभर पानी वही, पट्टी आणि दोन पेनं भरली.

“हे कशाला?” मी विचारलं.

“असू दे गं. लागतं.”

जित्याची खोड, दुसरं काय.

तिथे डॉक्टर गार्गी नावाची एक तरतरीत मुलगी अभ्यास करत होती. ऑपरेशन झाल्यावर माणूस किती दिवसांत चालायला लागतो, वॉर्डात त्याच्याकडे लक्ष किती दिलं जातं, कोण पडतं, कुणाच्या पाठीला जखमा होतात, असं सगळं ती टिपून ठेवायची. अभ्यासात सामील व्हाल का, म्हणून तिनं अण्णांना विचारलं. अण्णांनी चौदा पानांचं संमतीपत्र अथपासून इतिपर्यंत वाचलं, तीन प्रश्न विचारले, सही केली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “संशोधन आहे, जयंती.” चेहरा असा की जणू ऑपरेशन हेच करणार होते.

आणि मग त्यांना उशाशी लोंबणारी बेल दिसली. तान्ह्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसं झालं. गुंगी पुरती उतरली पण नव्हती, तरी वहीत पट्टीनं रेघ मारून दोन रकाने तयार. एक ‘बेल दाबली’, दुसरा ‘सिस्टर आली’. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतंच. बेल दाबायची, घड्याळाकडे बघायचं, लिहायचं. सिस्टर आली की पुन्हा घड्याळाकडे बघायचं, लिहायचं, आणि मग आपल्याला काय हवंय ते तिला सांगायचं. म्हणजे ती बिचारी आणखी एक मिनिट तिष्ठत उभी.

दुपारच्या पाळीला कल्पिता असायची. भांडुपच्या कोळीवाड्यातली पोर, पंचविशीची, अंगानं काटकुळी. सव्वीस खाटा आणि ही एकटी. मदतीला फक्त नंदामावशी, तीही चादरी बदलण्यापासून लघवीची भांडी देण्यापर्यंत सगळीकडे. कल्पिताला मी पाच दिवसांत एकदाही बसलेली बघितली नाही. तरी प्रत्येक वेळी दारातून हसतच आत यायची, “बोला काका, आता काय झालं?”

आता काय झालं तर, पंखा एकवर करा. अर्ध्या तासानं, दोनवर करा. पेपर आहे पण पुरवणी नाही. चहात साखर आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, चहात साखर नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी म्हणायची, “अहो, मी बसलेय ना इथे, मला सांगा.” तर म्हणायचे, “तू स्टाफ नाहीस.”

फक्त तिसऱ्या दिवशी चारनंतर एकदाही बेल वाजली नाही. मी खाली चहा प्यायला गेले होते, वर आले तर अण्णा गळ्यापर्यंत चादर ओढून गप्प पडलेले. मला वाटलं, पेनातली शाई संपली.

घरी सोडलं त्या दिवशी डॉक्टर गार्गी सगळ्यांना विचारत फिरत होती, वॉर्डातली देखभाल कशी वाटली. सगळे म्हणाले, छान. एक आजी तर म्हणाल्या, तुम्ही देवच आहात. पोरगी वैतागून मला म्हणाली, “काकू, खरं कुणीच बोलत नाही हो. माझा अभ्यास व्हायचा कसा?” अण्णांनी उशाखालून वही काढून तिच्या हातात दिली. तिनं दोन पानं उलटली आणि डोळेच चमकले तिचे. सगळ्या वहीच्या झेरॉक्स काढून घेतल्या. घरी येताना रिक्षात अण्णांची मान अशी ताठ की गुडघा बदललाय की मान, कळेना.

सहा आठवड्यांनी दाखवायला गेलो. अण्णा काठीशिवाय चालत होते. शर्ट स्वतः इस्त्री केलेला, कारण आज कौतुक होणार. झालंही. गार्गी म्हणाली, “काका, तुमच्या वहीइतकी नीट नोंद आमच्याकडे पण नाही.” अण्णा लाजले. खरंच लाजले.

आणि लिफ्टपाशी नंदामावशी भेटली. मी म्हटलं, काय मावशी, बऱ्या आहात ना? तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. अण्णांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “तुमच्या वहीनं पोरीची वाट लावली.”

कल्पिता कॉन्ट्रॅक्टवर होती. महिनाअखेरीला मुदत संपत होती, आणि ती वाढवणार नाही म्हणून तिला कळवलं होतं. झालं होतं असं, की गार्गीच्या अहवालात कुणाचं नाव नव्हतं, पण ‘दुपारची पाळी, बेलनंतर सरासरी अकरा मिनिटं’ असं होतं. दुपारची पाळी म्हटल्यावर नाव लिहायला कशाला हवं? मॅनेजर नंदकिशोर साहेबांनी ते अकरा मिनिटं तेवढं वाचलं. “भावाचं कॉलेज तिच्या पगारावर चाललंय,” मावशी म्हणाली आणि बादली उचलून निघून गेली.

रिक्षात मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते आता लिहीत नाही. अण्णा एवढंच म्हणाले, “मी खोटं काही लिहिलेलं नाही.”

“खोटं नाही हो, अर्धवट लिहिलंय!”

घरी आल्यावर मी वही काढली, पट्टी काढली, आणि त्यांच्या दोन रकान्यांशेजारी तिसरी रेघ मारली. वर लिहिलं, ‘कशासाठी’. म्हटलं, बसा समोर. दुपारच्या चौतीस बेला होत्या. मी रोज तिथे होते, माझे डोळे काही मिटलेले नव्हते. एकेक करून भरायला लावलं. पंखा. पंखा. पुरवणी. शेजारच्याचा मोबाइल मोठ्यानं वाजतो. भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे. ह्याला तर ती पंचवीस मिनिटांनी आली होती, आणि स्टुलावर चढून घड्याळ बरोबर करून गेली होती.

तीस बेला असल्या. चार दुखण्याच्या. त्या चारही वेळा कल्पिता दोन मिनिटांच्या आत आलेली.

“तिला कसं कळायचं?” अण्णा पुटपुटले.

“दारातून तोंड बघून जायची ती. तुम्ही घड्याळाकडे बघत होतात, तुम्हाला कशी दिसणार?”

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही मॅनेजरच्या केबिनमध्ये. अण्णांनी गार्गीलाही बोलावून घेतलं होतं, आणि कल्पिताला. पोरगी भिंतीला टेकून उभी, तोंड एवढंसं झालेलं. अण्णांनी वही पुढे सरकवली आणि तिसरा रकाना मोठ्यानं वाचून दाखवला. स्वतःचं हसं स्वतःच्या तोंडानं. पंखा, पुरवणी, साखर. मला त्यांची दया यायला लागली.

नंदकिशोर साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मिस्टर खांबेटे, बेल म्हणजे बेल. पंख्यासाठी आहे की जिवावर बेतलंय, हे लांबून कळत नाही. एखाद दिवशी खरंच काही झालं असतं तर?”

बरोबरच होतं की त्यांचं. गार्गी टेबलाकडे बघत होती. आता झालं, पोरीची नोकरी गेली, असंच मला वाटलं.

“झालं होतं,” अण्णा म्हणाले.

मी वळून बघितलं. अण्णा माझ्याकडे बघायचं टाळत होते.

“तिसऱ्या दिवशी, दुपारी सव्वाचार. ही खाली चहाला गेली होती. मला लघवीला लागली. एकट्यानं उठायचं नाही म्हणून बजावलेलं होतं. पण त्या एवढ्याशा मुलीकडे भांडं मागायचं म्हणजे... लाज वाटली हो. बेल दाबली नाही. वॉकर घेतला, चार पावलं टाकली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. ही कल्पिता दारावरून सलाइन घेऊन चालली होती. तिनं बघितलं, ती बाटली तिथेच टाकली आणि मला मागून धरलं. मी नव्वद किलो, ही बघा केवढी. मावशी येईपर्यंत भिंतीला पाठ लावून तिनं मला तोलून धरलं होतं.”



“ह्याची वॉर्डच्या रजिस्टरात नोंद नाही,” साहेब म्हणाले.

कल्पिता पहिल्यांदा बोलली. “काकांनी हात जोडले, सर. म्हणाले, काकूंना कळू देऊ नकोस.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय राक्षसीण आहे का? पण खरं सांगते, त्या क्षणी मला राग आलाच नाही. तिथे आत हे पडता पडता वाचत होते आणि मी खाली चहात खारी बुडवत होते, एवढंच डोळ्यांपुढे आलं.

गार्गी कल्पिताला म्हणाली, “नोंद करायलाच हवी होती गं. कुणी कितीही हात जोडले तरी.” मग साहेबांकडे वळली. “आणि सर, काका पडले असते तर माझ्या अहवालात दिसले असते. पडले नाहीत, म्हणून कुठेच दिसत नाहीत. सव्वीस खाटांना एक सिस्टर, हे मी पहिल्याच पानावर लिहिलंय. तुम्ही तिसरं पान वाचलंत.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “ठीक आहे. बघतो.”

“बघतो म्हणजे किती वाजता?” अण्णा.

“म्हणजे?”

“लेखी किती वाजता मिळेल? मी बाहेर बाकावर बसतो.” आणि वही उघडून त्यांनी वेळ टाकली, अकरा चाळीस.

साहेबांना वाटलं, म्हातारा कंटाळून जाईल. त्यांना गटाराच्या झाकणाची गोष्ट कुणी सांगितली नव्हती. मला होती ठाऊक, म्हणून मी सरळ घरी येऊन पोळीभाजीचा डबा घेऊन गेले. बाकावर आम्ही दोघं जेवलो. एरवी मी अशा वेळी चारचौघांत मान खाली घालते. त्या दिवशी नाही घातली. तीन पाचला एका शिपायानं कागद आणून दिला : कल्पिताची मुदत एका वर्षानं वाढवली. दुपारच्या पाळीला दुसरी सिस्टर देण्याचा विषय विचाराधीन. ‘विचाराधीन’ वाचून अण्णांचे डोळे कसे लकाकले ते मी बघितलं. त्या साहेबांचं काही खरं नाही आता.

कल्पिता धावत खाली आली. ती अण्णांच्या पाया पडायला वाकली तर हे चार पावलं मागे सरकले, “नको गं बाई, मीच पडायला हवं.” मग ती माझ्या गळ्यात पडली आणि दोघी मिळून मनसोक्त रडलो.

घरी आल्यावर मी अण्णांशी बोलणार नव्हते. राग आता आला होता, चांगला पोटभर. त्यांनीही ओळखलं. मुकाट्यानं आतल्या खोलीत जाऊन पडले. वही जेवणाच्या टेबलावर राहिली होती. मी आवरायला म्हणून उचलली, तर चौतीस ओळींच्या खाली एक नवी ओळ होती. बाकावर बसून लिहिली असणार. तारीख तिसऱ्या दिवसाची. ‘बेल दाबली’च्या खाली : नाही. ‘सिस्टर आली’च्या खाली : आधीच.

मी घातलेला तिसरा रकाना त्यांनी त्या ओळीपुढे मोकळाच ठेवला होता. मी पेन घेतलं आणि लिहिलं, ‘माझ्यासाठी’. डोळे पुसले.

आतून हाक आली, “जयंती, जरा पंखा एकवर कर गं.”

“आले हं,” म्हटलं. आणि घड्याळ लावून, बरोब्बर अकरा मिनिटांनी गेले.