पाऊण इंचाचे आटे

आधी क्षमा मागतो. वाफेच्या इंजिनांवर काही लिहायचा मला अधिकार नाही. धावतं वाफेचं इंजिन मी कधी पाहिलेलं नाही. मी शिकतो त्या ओमानात प्रवाशांची रेल्वेच नाही. सोहारच्या बाजूला रूळ टाकायचं काम चालू आहे, एवढंच ऐकून आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि दहावीनंतर मराठीत सलग चार पानं लिहायची वेळ माझ्यावर आलेली नाही. चुका असतील. यंत्रांचे शब्द मला माझ्या अब्बांकडून मिळाले, ते तसेच लिहितो.

अब्बा सोहारला एका लाँड्रीत बॉयलर चालवतात. हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल तिथे धुवायला येतात. धुण्याचं गरम पाणी, वाळवणारी मशिनं, इस्त्रीचे मोठे रोलर, सगळं त्या वाफेवर चालतं. अब्बा मूळचे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे, शाळा सातवीपर्यंत. तरुणपणी ज्या उस्तादांच्या हाताखाली ते फिटरचं काम शिकले, ते उस्ताद रेल्वेच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले, इंजिनांचे बॉयलर दुरुस्त करण्यात जन्म गेलेले. त्यामुळे अब्बा अजून मापं सुतात बोलतात. एका इंचाचे आठ सूत. अर्धा इंच म्हणजे चार सूत, पाऊण इंच म्हणजे सहा. इथल्या दुकानदारांना हे कळत नाही. मग अब्बा बोटाचं पेर पुढे करून माप दाखवतात.

मी मस्कतला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिथल्याच अल हैल भागात तीन मुलांबरोबर खोली घेऊन राहतो. सेमिनारचे विषय वाटले तेव्हा इलेक्ट्रिक गाड्या, सौर ऊर्जा, ड्रोन असे सगळे चांगले विषय भराभर गेले. हात वर करायला मला नेहमी उशीर होतो. माझ्या वाट्याला उरला तो 'ब्रिटिश रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांची रचना आणि प्रमाणीकरण'. माझ्या बाकावर एक वसईची मुलगी बसते. ती जन्मापासून मस्कतमध्येच, तिचं मराठी घरापुरतं. ती म्हणाली, "अरे, तुला तर डायरेक्ट म्युझियम मिळालं! येताना थोडा धूर पण घेऊन ये."

अब्बांना फोनवर सांगितलं तर ते खूश. "वाफेचं इंजिन? मग सराला सांग, आमच्या बापाची जुनी वळख हाय त्याच्याशी."

वाचता वाचता विषय मलाही आवडायला लागला. सुरुवातीला तिकडे प्रत्येक रेल्वे कंपनीचं वर्कशॉप वेगळं, मुख्य अभियंता वेगळा आणि त्याच्या आवडीही वेगळ्या. एकाच नमुन्याची दोन इंजिनं शेजारी उभी केली तरी एकाचा भाग दुसऱ्याला बसेलच याची खात्री नसे. फिटर कानस घेऊन घासत बसायचे. मग एका कंपनीत ठरवलं गेलं, की बॉयलर मोजक्याच प्रकारचे करायचे आणि तेच निरनिराळ्या इंजिनांवर चढवायचे. बॉयलरची दुरुस्ती सगळ्यात वेळखाऊ, म्हणून एखादा तयार बॉयलर शिल्लक ठेवायचा. इंजिन आत आलं की जुना उतरवून तयार चढवायचा. पुढे सरकारने सगळ्या कंपन्या एक केल्या तेव्हा तर थोड्याच नमुन्यांचं एक कुटुंब आखलं गेलं. वेगवेगळ्या शहरांतल्या ड्रॉइंग ऑफिसांनी भाग वाटून घेतले. ड्रायव्हरची केबिन आधी लाकडाची, पूर्ण मापात उभी करून बघितली, बसल्या जागेवरून प्रत्येक दांड्यापर्यंत हात पोचतो की नाही ते तपासायला. इतकं करून ती इंजिनं फार वर्षं चालली नाहीत, डिझेल आलं. भारतासाठीसुद्धा असे ठरावीक नमुने होते, म्हणजे कारखाना कुठलाही असो, भाग अदलाबदल करता यावेत. अब्बांच्या उस्तादांचे हात त्याच इंजिनांना लागले असणार.

सेमिनार रविवारी होता. त्याच्या आधीच्या शुक्रवारी-शनिवारी लाँड्री बंद ठेवून बॉयलर आतून धुवायचा होता. मी मुद्दाम सोहारला गेलो. प्रत्यक्ष काही बघितलं असं सेमिनारमध्ये सांगता आलं असतं.

बॉयलरच्या अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर, काही भोकं असतात. त्यातून पाण्याचा पाइप घालून आतला गाळ काढतात आणि मग ती प्लग, म्हणजे आट्यांची बुचं, फिरवून बंद करतात. रेल्वेच्या इंजिनांनाही अशीच भोकं असत, हे मी वाचलं होतं. शनिवारी दुपारी गाळ काढून झाला. एका जुन्या प्लगचे आटे झिजले होते. अब्बा पलीकडे बर्नर साफ करत होते. तिथूनच म्हणाले, "डब्यातला नवा घे. सहा सूती."

मी डबा उपसला. एका प्लगवर पाऊण इंचाचा आकडा कोरलेला होता आणि शेजारी तीन इंग्रजी अक्षरं. मला वाटलं, कंपनीचं नाव असेल. आट्यांवर गळती रोखायची पांढरी टेप गुंडाळली आणि प्लग फिरवला. तीन-चार वेढे हातानेच छान गेला. मग घट्ट झाला, मग पाना लावला.

"बसला?" अब्बांनी विचारलं.

"बसला."

"सहा सूतीच ना?"

"हो अब्बा, लिहिलंय त्याच्यावर."

अब्बा प्रत्येक प्लगला स्वतः हात लावून बघतात. हा त्यांनी बघितला नाही. लाँड्रीची गाडी चालवणारे चाचा दारात चहा घेऊन उभे होते. रायगडचे, थट्टेखोर. त्यांना अब्बा म्हणाले, "पोरानं बसवलाय. इंजिनियर हाय आता." चाचा म्हणाले, "मग आता तू घरी जा, तुझं काम खलास." पाणी भरून पाहिलं. कुठे थेंब नाही. संध्याकाळच्या बसने मी परत आलो.

रविवारी सकाळी साडेआठला मी कॉलेजच्या लायब्ररीत होतो. अकराला सेमिनार. एक स्लाइड कमी पडत होती, म्हणून प्रमाणीकरणाचं साधं उदाहरण शोधत मी स्क्रूच्या आट्यांवरचं प्रकरण उघडलं. त्यात लिहिलं होतं की पाइपच्या आट्यांची दोन घराणी आहेत, ब्रिटिश आणि अमेरिकन. ब्रिटिश आट्याचा कोन पंचावन्न अंशांचा, अमेरिकन साठ अंशांचा. बहुतेक मापांना इंचामागे आट्यांची संख्याही वेगळी, त्यामुळे एक दुसऱ्यात जातच नाही. पण अर्ध्या आणि पाऊण इंचाला दोघांचेही आटे चौदाच. म्हणून तिथे चुकीचा प्लगसुद्धा आधी बरोबर असल्यासारखा फिरतो, मग अडकतो, आणि बसवणाऱ्याला वाटतं की घट्ट बसला. खाली अमेरिकन आट्यांची खूण दिली होती. तीन अक्षरं.

काल मी बसवलेल्या प्लगवर तीच तीन अक्षरं कोरलेली होती.

ओमानात दोन्ही प्रकार सगळीकडे आहेत. तेलाच्या कामावरचं सामान अमेरिकन, इमारतींमधलं ब्रिटिश, आणि उरलेलं सगळं कुणाच्यातरी डब्यात एकत्र. लाँड्रीतला बॉयलर ब्रिटिश आट्यांचा होता. गार पाण्याला तो प्लग टेपच्या जोरावर टिकला. वाफेला टिकेल का, हे मला माहीत नव्हतं. अब्बा आठला बॉयलर पेटवतात.

आणखी एक गोष्ट मला आठवली आणि तिचीच मला जास्त भीती वाटली. इंजिन शेडमधल्या कामगारांसाठीच्या जुन्या सूचना मी आठवडाभर वाचत होतो. त्यांत बजावलेलं होतं की वाफ असताना गळणाऱ्या प्लगला पाना लावायचा नाही. आधी आग बंद करायची आणि बॉयलर थंड होऊ द्यायचा. कारण धड न बसलेला प्लग पिळला की तो निसटून समोरच्या माणसावर येतो, आणि मागून उकळतं पाणी. आमच्या अब्बांची सवय उलटी. काहीही गळलं की ते एक पिळा देतात. घरचा नळ असो, सायकलचा व्हॉल्व असो. तेही उकिडवे बसून, कान जवळ नेऊन.

मी फोन लावला. बंद. बॉयलरच्या खोलीत फोन चालणार नाही असा अर्बाबचा, म्हणजे मालकाचा, हुकूम आहे. फोन लॉकरमध्ये राहतो. ऑफिसचा नंबर माझ्याकडे नव्हता. मग चाचांना लावला.

"काय रे, एवढ्या सकाळी? पास झालास काय?"

"चाचा, अब्बा कसे आहेत?"

"कसा असणार? मघाशी निघालो तेव्हा माझ्यावर वरडत होता. बरा हाय."

"बॉयलर चालू झाला?"

"झाला की. का रे?"

"काही नाही. असंच," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

हे लिहितानाही मला लाज वाटते. बोलायचं सगळं तोंडात होतं. पण अब्बा चाचांसमोर ज्या आवाजात 'इंजिनियर' म्हणाले होते तो आवाज कानात होता, आणि मी त्या लाँड्रीत सगळ्यांसमोर मूर्ख ठरेन, अब्बाही ठरतील, असं वाटलं. अब्बांच्या फोनवर मेसेज लिहिला आणि पुसला. तसाही तो लॉकरमध्येच वाजला असता. मनात हिशेब करत होतो की अजून गळलं नसेल, टेप भरपूर होती. पाच-सात मिनिटं अशी गेली.

बाकावरची ती मुलगी येऊन शेजारी बसली. माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढं काय घाबरतोस? सेमिनार आहे, फाशी नाही." मी तिला सांगितलं. आट्यांचं प्रकरणही पुढे सरकवलं.

"तू त्या चाचांना काय सांगितलंस?"

"काही नाही."

"मग फोन कशाला केलास?" ती एवढ्या मोठ्याने बोलली की लायब्ररीतली माणसं वळून बघायला लागली. "लाव. आत्ता लाव. मी लावू?"

मी दुसऱ्यांदा लावला. या वेळी थांबलो नाही. चाचा, मी चुकीचा प्लग बसवलाय, कालचा, दाराजवळचा. तो गळेल. अब्बांना सांगा पाना लावू नका, हात लावू नका, आधी बर्नर बंद करा. समोर बसू नका.

मग चाचा म्हणाले, "मी हाटेलात हाय, चादरी उतरवतोय. वीस मिनिटं लागतील. लाँड्रीत कुणाला फोन करू? सगळ्यांचे लॉकरात." आणि लगेच, कुणालातरी उद्देशून, "यल्ला, यल्ला, राहू दे ते, बंद कर दार!" गाडीचा दरवाजा आपटल्याचा आवाज आला. फोन कट झाला.

वीस मिनिटं झाली. चाळीस झाली. चाचांचा फोन लागेना. सोहारला बसने पोचायला तीन तास लागतात. तरी मी दोनदा बॅग खांद्याला लावून उठलो आणि दोनदा बसलो. बसमध्ये असताना काही कळलं असतं तर मी काय करणार होतो? घरी अम्मीला काय सांगायचं, ही वाक्यंसुद्धा मनात तयार व्हायला लागली होती. ती मी इथे लिहीत नाही.

अकरा वाजता सरांनी नाव पुकारलं. फोन चालू ठेवायची परवानगी मागितली, "घरी अडचण आहे" एवढंच सांगितलं. मी काय बोललो ते नीट आठवत नाही. बॉयलर अदलाबदल करता यायचे हे सांगताना आवाज फाटला. लाकडी केबिनचं चित्र पडद्यावर आलं तेव्हा मला त्यात गुडघे मोडून बसलेले अब्बाच दिसत होते. सरांनी विचारलं, या प्रमाणीकरणाचा रेल्वेला सगळ्यात मोठा फायदा काय झाला? पाठ केलेलं उत्तर होतं की वेळ वाचला. मी म्हणालो, "सर, फिटरला अनोळखी माणसाने बनवलेला भाग डोळे झाकून बसवता यायला लागला." मीच पुढे म्हणालो, "पण डोळे झाकायचे नाहीत." आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला.

अब्बांचा नंबर होता. मी सरांकडे न बघता बाहेर व्हरांड्यात गेलो.

"अब्बा?"

"हां." मागे पंख्याचा आवाज येत होता. त्यांचा श्वास नेहमीसारखा होता. "बंद केलाय बर्नर. लॉकर आत्ता उघडायला मिळाला. अर्बाब बोंबलतोय, बोंबलू दे. थंड झाला की काढू, मग तुला कळवतो."

"तुम्हाला कुठे लागलं नाही ना?"

"नाय रे, लागलं नाय."

ते आणखी काही म्हणतील म्हणून मी थांबलो. "माफ करा" माझ्याकडून म्हणायचं राहिलं. "तू जा, तुझं भाषण कर," म्हणाले आणि फोन ठेवला.

दुपारी चारला पुन्हा फोन आला. मी खोलीवर होतो, जेवलो नव्हतो. अब्बा हळू बोलत होते, जवळ कुणी असावं.

"काढला प्लग," ते म्हणाले. "टेप सोलली. दोन आटे फक्त घासलेत, तेवढ्यावरच धरून होता. दोनच. बाकीचे जसेच्या तसे, कोरे."

मी पलंगावर उठून बसलो.

"मघाशी सांगितलं नाय तुला. तुझा चाचा दारातून वरडला ना, तेव्हा गळायला लागला होता तो. पाना लावलेला मी."