बसूचा डबा आणि माझे तीन दिवे

सकाळी सव्वादहाला शेतीची लाईट आली आणि दुकानाच्या भिंतीवरचे माझे तीन दिवे लागले. लाल झगझगीत लागला. पिवळा आणि निळा मात्र मिणमिणते. मी हातातली कॉइल खाली ठेवली आणि मोबाईलकडं बघितलं. पूर्वी अशा वेळी पाच मिनिटांत आठ-दहा फोन यायचे. त्या दिवशी एकही आला नाही.

दिव्यांची भानगड आधी सांगतो. माझा धंदा मोटार रिवायंडिंगचा. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची आणि नवी भरायची. येडशीत स्टेशनच्या रस्त्याला दुकान टाकून सव्वीस वर्षं झाली. शेतीची मोटार तीन तारांवर चालते. एकेका तारेला आम्ही फेज म्हणतो. तिन्हींत विजेचा दाब सारखा असेल तर मोटार फिरते. एखादा फेज कमी पडला तर ती जागेवरच घुमत राहते, तापते आणि काही मिनिटांत जळते. शिवाय गावाची लाईन वेगळी, शेतीची वेगळी. घरात पंखा फिरतोय म्हणजे शेतात लाईट आहे, असं नसतं.

दुकानामागं आमचं अर्धा एकर रान आहे, म्हणून माझ्याकडं शेतीचं कनेक्शन आहे. त्यावर टेस्टिंगसाठी मी तीन बल्ब लावले, एकेका फेजला एक, रंग देऊन. लोकांना ते कळलं आणि फोन सुरू झाले. दिगूतात्या, दिवे लागले का? मी मान वर करून बघायचो आणि सांगायचो, तिन्ही चांगले आहेत, दाबा बटण. किंवा, निळा मंद आहे, थांबा जरा. जेवताना फोन, अंघोळीला गेलो तरी फोन. बायको वैतागायची, मीही वैतागल्यासारखं करायचो. पण खरं सांगतो, मला ते फार आवडायचं. माझ्या शब्दाशिवाय निम्म्या शिवारात मोटार चालू होत नव्हती.

सगळ्यात जास्त फोन विमलकाकूंचे. वय सत्तरीच्या पुढं, दोन्ही गुडघे गेलेले. रामलिंगच्या बाजूला त्यांचं बोअरवरचं एकरभर रान. त्यात दरवर्षी झेंडू लावायचा आणि नवरात्रात तुळजापूरला पाठवायचा, हा त्यांचा नेम. त्यांचा फोन लाईटसाठी असायचा, पण लाईटचं बोलणं अर्ध्या मिनिटात संपायचं. मग मी काय खाल्लं, माझी शुगर किती, सुनेचं आणि बायकोचं पटतंय का, अशी चौकशी. माझी आई गेल्यापासून एवढी चौकशी करणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

माझ्या दुकानासमोर बसवराजचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. सगळे त्याला बसू म्हणतात. मूळचा उमरग्याकडचा, घरी कानडी बोलतो, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. सकाळचा चहा आमचा एकत्र. लोक नवा फोन घेतात आणि जुना त्याच्याकडं टाकून जातात. काच फुटलेली, आवाज गेलेला, कॅमेरा आंधळा झालेला. असे त्याच्याकडं दोन ड्रॉवर भरले होते. बसूला ते बघून चैन पडायचं नाही. एकाच्या शेळ्यांच्या गोठ्यात त्यानं जुना टॅब टांगला, गाभण शेळी घरबसल्या दिसावी म्हणून. एका म्हाताऱ्याला फुटक्या फोनचा नुसता रेडिओ करून दिला. तोवर मी त्याचं कौतुकच करत होतो.

मग एके दिवशी तो एक प्लॅस्टिकचा डबा घेऊन आला. हवा खेळावी म्हणून डब्याला भोकं पाडलेली. आत एक जुना फोन, त्याला चार्जर जोडलेला. म्हणाला, "तात्या, चार्जिंग सुरू झालं की फोनला कळतंय ना, लाईट आली म्हनून? मग त्यानंच काकूला रिंग द्यायची. तिनं तुमाला कशाला तरास द्यायचा?"

त्यानं ते माझा त्रास वाचवायला केलं होतं. आणि तेच माझ्या जिव्हारी लागलं.

डबा हातात घेतल्याबरोबर त्यातली चूक मला दिसली. चार्जर एकाच फेजवर जोडलेला. बाकीचे दोन आहेत का गेलेत, त्याला काय कळणार? वर आजकालचे चार्जर इतके सोशिक, की निम्म्या दाबावरही चालतात. दिवा मंद असला तरी हा फोन लाईट आली म्हणूनच सांगणार. एवढंच नाही, त्यावरचा उपायही माझ्याच दुकानात पडला होता. त्याला प्रिव्हेंटर म्हणतात. पुस्तकाएवढा डबा असतो. तिन्ही फेज बरोबर असतील तरच पुढं करंट सोडतो, नाहीतर अडवतो. तो स्टार्टरला, म्हणजे मोटारीच्या बटणाच्या पेटीला जोडलेला असतो, पण दाब जरा खालीवर झाला तरी मोटार बंद करतो, म्हणून लोक वैतागतात आणि म्हणतात, तात्या, काढून टाका ते. मी काढून देतो. असे काढलेले चांगले चालू प्रिव्हेंटर माझ्याकडं तेलाच्या डब्यात भरून ठेवलेले होते. काकूंचाही त्यातच होता.

मी बसूला यातलं काही सांगितलं नाही. बरं आहे की, एवढं म्हणालो आणि चहा प्यालो.

काकूंच्या स्टार्टरशेजारी तो डबा बसला. लाईट आली की काकूंचा फोन वाजायचा. त्या सावकाश उठून रानात जायच्या आणि बटण दाबायच्या. पंधरा दिवसांत शेजारच्या दोघांनी डबा मागितला. श्रावण संपेपर्यंत अकरा डबे झाले आणि माझे फोन बंद पडले. बायको म्हणाली, आता घरात कशी शांतता आहे. ती शांतता मला खायला उठायची. धाराशिवहून एक पत्रकार आला. त्यानं बसूचा डब्यासह फोटो काढला. त्या वेळी त्याची मोटारसायकल माझ्या तीन दिव्यांच्या बरोबर खाली उभी होती. त्यानं वर मान करूनसुद्धा बघितलं नाही. बातमीचं कात्रण बसूनं काचेला चिकटवलं आणि मी माझं स्टूल रस्त्याकडं पाठ होईल असं फिरवून घेतलं. पोटात दुखायला लागलं की माणूस अशी कामं करतो. चहाला मी काही ना काही कारण काढून टाळू लागलो.

सगळ्यात जास्त झोंबलं ते काकूंचं. डबा बसल्यापासून त्यांचा एकही फोन आला नव्हता.

आता त्या सकाळकडं येतो. भाद्रपद चालू होता आणि पावसानं ओढ दिली होती. काकूंचा झेंडू कळीवर होता. कळीवर असताना पाणी तुटलं तर नवरात्राचं फूल हातचं जातं, हे मला माहीत होतं. एक दिवा पूर्ण आणि दोन निम्मे, ही खूण मेन लाईनवर एक फेज तुटल्याची. म्हणजे बिघाड एकट्या माझ्या दुकानात नव्हता, सगळ्या शिवारात होता. आणि त्याच वेळी अकरा डबे अकरा जणांना लाईट आल्याचं सांगत असणार. त्यातल्या आठ जणांकडं प्रिव्हेंटर शाबूत होते, त्यांच्या मोटारी सुरूच होणार नव्हत्या. उरले तिघं. त्यांची नावं मला पाठ होती, कारण त्यांचे प्रिव्हेंटर मीच काढले होते. त्यात पहिलं नाव काकूंचं.

मी लाईनमनला फोन केला. मेन लाईन बघ म्हणालो. ते कर्तव्य लगेच केलं. काकूंचा नंबर मात्र काढला आणि तसाच ठेवला; बाकीच्या दोघांनाही फोन केला नाही. मनात म्हटलं, त्यांनी विचारलं तर सांगतो. माझी अट तेवढीच होती, आधी त्यांनी विचारावं. मी पुन्हा कॉइल भरायला घेतली. फोन समोर ठेवला होता आणि दर दोन मिनिटांनी त्याच्याकडं बघत होतो.

पावणेअकराला तो वाजला. काकूच होत्या.

"दिगू, मोटार चालू केलीया, पर पानी येईना रं."

"किती वेळ झाला?"

"झाली की धा-पंधरा मिनटं. म्हनलं, पाइपातनं वर चडत असंल."

मोटार जमिनीखाली चारशे फुटांवर. तिचं घुमणं वर ऐकू येत नाही. मी बंद करा म्हणालो, पण मला माहीत होतं, आता बंद करून उपयोग नाही. कित्येक दिवसांनी आलेला त्यांचा हा पहिला फोन.

दुपारी चेन-कप्पी लावून मोटार वर काढली. झाकण उघडल्याबरोबर जळका वास आला. आतली तार काळी पडली होती. बसू आला होता. तोंड एवढंसं करून डबा हातात धरून उभा होता. जमलेले लोक त्याला बोलत होते. कुणी म्हणालं, ह्याच्या डबड्यानं घात केला. कुणी म्हणालं, आपलं तात्याचं दिवंच बरं होतं. ते ऐकून मला मिनिटभर बरं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं.

मग बांधावर बसलेल्या काकूंनी विचारलं, "दिगू, तुजं दिवं लागलं न्हवतं व्हय आज?"

त्यांनी सहज विचारलं होतं. पण चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, त्यांना सगळं कळलंय.

"लागले होते काकू. दोन मंद होते."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. "मग फोन करायचास की रं."

रागावल्या असत्या तर मी काहीतरी बोललो असतो. अंगण झाडून घ्यायचंस की, असं म्हणावं तशा त्या म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून झेंडूच्या सरीकडं गेल्या. मी मोटार टेम्पोत टाकली.

बोअरच्या मोटारीचं रिवायंडिंग घाईचं काम नाही. तार पाण्यातच राहणार असते, कुठं जरा खरचटलेली चालत नाही. मी दुसरी कामं बाजूला सारली. बाकीच्या दोघांच्याही मोटारी जळून आल्या होत्या, त्यांना थांबायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंची मोटार परत खाली सोडली. तोवर निम्म्या कळ्या करपल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रस्ता ओलांडून बसूच्या दुकानात गेलो. तेलाचा डबा बरोबर नेला होता. त्याच्यासमोर उपडा केला, काकूंचा प्रिव्हेंटर वेगळा काढला आणि चार्जरची तार त्यातून कशी न्यायची ते दाखवलं. तिन्ही फेज बरोबर असले तरच चार्जरला करंट मिळणार, तरच रिंग जाणार. एक जरी कमी असला तर फोन गप्प. आम्ही दोघं काकूंच्या रानात जाऊन ते जोडून आलो. शिवाय स्टार्टरलाही एक प्रिव्हेंटर परत लावला. चार्जरच्या जोडणीला अर्धा तास लागला, तोही स्क्रू गंजलेला होता म्हणून.

बसू खूश झाला. चार दिवसांनी त्याच्या तोंडावर हसू आलं होतं. म्हणाला, "भारी डोकं लावलं, तात्या. कधी सुचलं हे?"

काल रात्री, असं सांगता आलं असतं. त्याला खरंही वाटलं असतं.

"तू पयला डबा दाखवलास ना, तवाच."

त्यानं स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला. मग म्हणाला, "अजून धा बसवायचेत. तेवढे प्रिव्हेंटर हायत का तुमच्याकडं?"

होते. दोन दिवसांत आम्ही सगळे बसवले. काम करताना तो कामापुरतं बोलायचा. चहाला मात्र महिनाभर आला नाही, आणि बोलावण्याचं तोंड मला नव्हतं.

काकूंची घटस्थापनेची तोड, म्हणजे फुलांची पहिली खेप, हातची गेली. दसऱ्याला थोडं फूल निघालं, ते त्यांनी तुळजापूरला पाठवलं. मला त्या परत त्याबद्दल एका शब्दानं बोलल्या नाहीत. फक्त बसूला सांगून त्यांच्या डब्यात माझा नंबर घालून घेतला, त्यांच्या नंबराच्या आधी. आता लाईट आली की पहिली रिंग मला येते. उचलला तर पलीकडं कुणी बोलत नाही. डबाच तो. मी दिव्यांकडं बघतो, तिन्ही सारखे लागलेले असतात, फोन ठेवतो. मग काकूंना फोन लावतो. डब्यानं सांगितलेलं असतंच, तरी लावतो.

दिवा मंद दिसला तर फोन यायची वाट बघायची नसते, आपण करायचा असतो. एवढं शिकायला मला सव्वीस वर्षं आणि तीन मोटारी लागल्या.